लंडनची आग, विल्यम लिली आणि मामांचं पुढे ढकललेलं ऑपरेशन

गेल्या आठवड्यात मामींचा फोन आला. मामांचं हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. तपासण्या झाल्या होत्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बघून घेतलं होतं, मी दोन दिवसांची रजा टाकली होती. मामी म्हणाल्या, "अरे, तू रजा रद्द कर. ह्यांनी तारीख पुढे घेतलीय. गुरुवारी चंद्र वृश्चिक राशीत आहे म्हणे."

मामा पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केलेले. मुहूर्ताच्या नादी लागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कारण विचारलं तेव्हा कळलं की त्यांना एक मेसेज आला होता. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मलाही तीन ग्रुपमधून आला, एका ठिकाणी तर 'डॉक्टरांनीही वाचावे' अशी वरती ओळ जोडून.

मेसेजमध्ये सहा दावे आहेत. विल्यम लिली नावाच्या इंग्रज ज्योतिष्याने १६६६ ची लंडनची आग पंधरा वर्षं आधी, '३ सप्टेंबर' या तारखेसह सांगितली होती. ती खरी ठरल्यावर पार्लमेंटने त्याला बोलावून सन्मान केला. इंग्रजांच्या फौजा ज्योतिषी सांगतील तेव्हाच लढत आणि म्हणून जिंकत. तिथे घराघरात पंचांग होतं आणि चंद्राची रास पाहिल्याशिवाय तिथला वैद्य शरीराला सुरी लावत नसे. आपणही लावू नये. न्यूटनने ज्योतिषाची थट्टा करणाऱ्या हॅली या खगोलशास्त्रज्ञाला "मी याचा अभ्यास केलाय, तुम्ही नाही" असं सुनावलं. आणि शेवटी, ही विद्या इंग्रजांनी स्वतःकडे ठेवून आपल्याला मात्र अंधश्रद्धा म्हणून सोडायला लावली.

आता एकेक घेतो. पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण मामांची तारीख फिरवली ती चौथ्या दाव्याने, आणि त्या चौथ्यावर विश्वास बसला तो पहिल्यामुळे.

लिली हा खरा माणूस. जन्म १६०२, लेस्टरशायरमधलं डाइझवर्थ गाव. १६२० मध्ये लंडनला घरगडी म्हणून आला, मालक वारल्यावर मालकिणीशी लग्न केलं, पुढे ज्योतिष शिकला आणि १६४४ पासून दरवर्षी स्वतःचा आल्मनॅक, म्हणजे तिथली जंत्री, काढू लागला. पाचेक वर्षांत तिच्या वर्षाला तीसेक हजार प्रती खपायला लागल्या. त्या काळातला तो इंग्लंडमधला सगळ्यात प्रसिद्ध ज्योतिषी, यात शंका नाही.

त्याचं जे 'भाकीत' म्हणून फिरतंय ते १६५१ च्या एका पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या लाकडी ठशांच्या चित्रांत आहे. एका चित्रात कफनात गुंडाळलेली प्रेतं आणि खणलेल्या कबरी. दुसऱ्यात जुळी मुलं डोकं खाली करून आगीत पडताहेत. मिथुन ही लंडनची रास मानली जाई, म्हणून जुळे म्हणजे लंडन, असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्थ लावला गेला, हे दोनदा वाचा. चित्राखाली ना शहराचं नाव, ना साल, ना महिना. अशी बरीच चित्रं तिथे ओळीने आहेत आणि ती इंग्लंडच्या पुढच्या शेकडो वर्षांच्या स्थितीची सांकेतिक चित्रं म्हणून दिली आहेत. शेकडो वर्षांत लंडनला एकदा आग लागेल आणि एकदा साथ येईल, हे सांगायला कुंडली मांडावी लागत नाही. १५६३, १५९३, १६०३, १६२५, १६३६ एवढ्या वेळा तिथे प्लेग येऊन गेला होता; १६२५ चा तर लिलीने स्वतः लंडनमध्ये राहून पाहिला होता. १६३३ मध्ये लंडन ब्रिजवरची घरं जळाली होती. लाकडाची घरं, चिंचोळ्या गल्ल्या, घरोघर उघडी चूल. त्या शहरातला कुठलाही शहाणा माणूस आगीला भिऊनच राहत असे.

पण माझं म्हणणं सोडा. लिली स्वतः काय म्हणाला ते बघा. त्याने आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १७१५ मध्ये छापलं गेलं. आगीनंतर पार्लमेंटच्या चौकशी समितीसमोर त्याची साक्ष झाली, तिचं वर्णन त्याने त्यात स्वतः केलं आहे. तो सांगतो, लंडनवर मोठी साथ आणि त्यानंतर मोठी आग येईल असं मला दिसलं होतं, म्हणून मी ती दोन चित्रं काढली. तेव्हा समितीतल्या एकाने सरळ विचारलं: साल दिसलं होतं का? लिलीचं उत्तर: नाही, तशी इच्छाही नव्हती; त्याचा शोध मी घेतलाच नाही.

साल दिसलं नव्हतं. ज्याच्या नावावर मेसेज तारीख खपवतोय, तो माणूस पार्लमेंटपुढे सांगतोय की मला सालसुद्धा माहीत नव्हतं. आणि हे त्याच्या शत्रूने लिहिलेलं नाही, त्यानेच आपल्या मोठेपणाच्या गोष्टींमध्ये लिहिलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने लिलीचं एवढं एक पान वाचलं असतं तरी हा दावा करायची सोय राहिली नसती.

त्यापुढचं वाक्यही महत्त्वाचं आहे. समितीला जाणून घ्यायचं होतं की आग कुणी मुद्दाम लावली का. लिली म्हणाला, आगीनंतर मी त्याचा पुष्कळ शोध केला, पण माझं किंचितही समाधान झालं नाही. हे देवाचंच बोट, पण त्याने साधन कोणतं वापरलं ते मला कळत नाही. म्हणजे आग लागून गेल्यावर, सगळे ग्रह जागच्या जागी माहीत असताना, त्याला मागचंही सांगता आलं नाही.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, आणि ती लपवली तर माझ्यात आणि मेसेज लिहिणाऱ्यात फरक राहणार नाही. १६४८ च्या एका पुस्तकात लिलीने खरंच लिहिलं होतं की लंडनला, तिच्या व्यापाऱ्यांना, गरिबांना, निरनिराळ्या आगींमुळे आणि संहारक प्लेगमुळे अशुभ काळ येईल. हे शब्द आहेत. ज्योतिषाचे समर्थक ते दाखवतात आणि त्यांनी दाखवावेत. फक्त त्याच परिच्छेदात काळाबद्दल काय लिहिलंय तेही दाखवावं: त्या सुमारास, किंवा त्या वर्षाजवळ, किंवा त्याच्या दहा वर्षं आगेमागे. दहा वर्षं अलीकडे आणि दहा पलीकडे, म्हणजे वीस वर्षांची खिडकी. आणि त्यात मुख्य भाकीत आगीचं नाहीच. राजसत्तेत आणि राज्यकारभारात कधी न झालेली उलथापालथ होईल, हे आहे. १६४८ मध्ये, पार्लमेंटशी यादवी चालू असताना आणि राजा कैदेत असताना, ते भाकीत करणाऱ्याला आकाशाकडे बघायची गरज नव्हती.

मग मेसेजमधली '३ सप्टेंबर' ही तारीख आली कुठून? तिच्यामागेही एक अर्धसत्य आहे आणि ते मूळ मेसेजपेक्षा कितीतरी वाचनीय आहे. आगीच्या आधी, एप्रिल १६६६ मध्ये, यादवीत राजाविरुद्ध क्रॉमवेल या सेनापतीच्या बाजूने लढलेल्या काही जुन्या सैनिकांना लंडनमध्ये पकडलं. राजाला मारायचं आणि शहराला आग लावायची असा कट त्यांनी केल्याचा आरोप होता. सरकारी 'लंडन गॅझेट'ने त्याच महिन्यात छापलं की कटवाल्यांनी ३ सप्टेंबर हा दिवस लिलीच्या जंत्रीवरून शुभ म्हणून निवडला होता. खरी आग लागली २ सप्टेंबरच्या पहाटे, पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत. एका दिवसाचा फरक. वाचताना अंगावर काटा येतो हे मीही मान्य करतो.

पण ३ सप्टेंबर क्रॉमवेलच्या माणसांना काय होता? १६५० मध्ये डनबारची लढाई जिंकली ती ३ सप्टेंबरला. १६५१ मध्ये वूस्टरची जिंकली ती ३ सप्टेंबरला. क्रॉमवेल वारला तो १६५८ च्या ३ सप्टेंबरला. त्या सैनिकांना हा दिवस निवडायला कुठल्याही जंत्रीची गरज नव्हती. आणि ज्यांनी तो निवडला ते आगीच्या कितीतरी महिने आधी पकडले गेले होते. आग बेकरीतून पसरली, कोरडा उन्हाळा आणि जोराचा पूर्वेचा वारा यांनी ती वाढवली. तेरा हजारांवर घरं आणि सत्त्याऐंशी चर्च जळाली, सेंट पॉल कॅथीड्रलसुद्धा.

आता 'सन्मान'. २५ ऑक्टोबर १६६६ ला लिलीला स्पीकरच्या दालनात हजर राहायचा हुकूम आला, तो आगीच्या कारणांची चौकशी करणाऱ्या समितीकडून. लिलीने लिहिलंय की त्याला समित्यांची धास्ती वाटे. मित्र एलायस अॅशमोल सोबत गेला. धास्ती वाटण्यासारखंच होतं. गॅझेटमध्ये त्याच्या जंत्रीचं नाव कटाशी जोडलं गेलेलं, शहर बेघर, आणि लोकांना कुणीतरी गुन्हेगार हवा होता. रोबेर ह्यूबेर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने मीच आग लावली असं कबूल केलं आणि त्याला त्याच ऑक्टोबरात फाशी दिली. ज्या जहाजातून तो आला त्याच्या कप्तानाने पुढे सांगितलं की आग लागली तेव्हा हा माणूस लंडनमध्ये उतरलाही नव्हता. अशा वेळी 'मला आधीच माहीत होतं' हे वाक्य गळ्याशी येऊ शकत होतं. लिलीने साल माहीत नसल्याचं सांगितलं आणि तो सुखरूप घरी गेला. त्याला सौजन्याने वागवलं असं तो लिहितो, एवढंच. याला सन्मान म्हणायचं असेल तर पोलीस चौकीतून सुटून आलेल्या प्रत्येकाचा सत्कार झाला म्हणावं लागेल.

फौजांचा मुद्दा थोडक्यात. इंग्लंडच्या यादवीत दोन्ही बाजूंना ज्योतिषी होते, हे खरं. राजाच्या बाजूने जॉर्ज व्हार्टन, पार्लमेंटच्या बाजूने लिली आणि जॉन बुकर. आकाश एकच, पण व्हार्टनला राजाचा विजय दिसे आणि लिलीला पार्लमेंटचा. १६४८ मध्ये कोल्चेस्टरच्या वेढ्यात बाहेरच्या, म्हणजे पार्लमेंटच्या, सैन्याला धीर द्यायला लिली आणि बुकरला नेलं होतं, आणि तटाच्या आतही एक ज्योतिषी मदत येतेय म्हणून लोकांना थोपवून धरत होता. आतले लोक उपाशी राहिले, मदत आली नाही, कोल्चेस्टर पडलं. त्या वेढ्यात घोडी, कुत्री, मांजरं खाऊन दिवस काढले गेले. जिंकणाऱ्याचा ज्योतिषी बरोबर आणि हरणाऱ्याचा चूक, हे प्रत्येक युद्धात होणारच. खुद्द बुकरने सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याजवळ लिलीबद्दल तक्रार केली होती: हा मित्रांना खूश करायला आणि वारं बघून लिहितो, शास्त्राच्या नियमाने लिहीत नाही. पीप्सच्या २४ ऑक्टोबर १६६० च्या रोजनिशीत ते आहे.

याच लिलीने १६५२ च्या मार्चमधल्या सूर्यग्रहणावर एक अख्खं पुस्तक काढून लोकांना घाबरवलं होतं. त्या दिवसाला 'काळा सोमवार' नाव पडलं. जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत नोंदवलंय की सगळा देश इतका भेदरला की कुणी कामाला हात लावेना, घराबाहेर पडेना. ऐपतीचे लोक शहर सोडून गेले. लंडनमध्ये ग्रहण खंडग्रास झालं, थोडा अंधार पडला आणि निघून गेला. त्या दिवशी ज्या हातावर पोट असलेल्या माणसाने काम केलं नाही, त्याची मजुरी मात्र बुडाली. याच शहरावर १७१५ मध्ये खग्रास ग्रहण झालं. तेव्हा एडमंड हॅलीने आधीच नकाशा छापून वाटला होता, सावली कुठून कुठे जाईल ते दाखवणारा, लोकांनी घाबरू नये म्हणून. त्याची वेळ चारेक मिनिटांनी चुकली. भाकीत कशाला म्हणतात हे ज्याला बघायचंय त्याने तो नकाशा बघावा.

आता मामांच्या तारखेकडे येतो.

इंग्रजी जंत्रीत एक चित्र नेहमी असे: उघडा माणूस, आणि त्याच्या अवयवांना बारा राशी बांधलेल्या. मेष डोक्याला, वृषभ मानेला, मिथुन खांद्या-हातांना, असं उतरत मीन पायांच्या पंजांना. वृश्चिक जननेंद्रियांना आणि जांघेला, धनु मांडीला. चंद्र ज्या राशीत असेल त्या राशीच्या अवयवाला लोखंड लावू नये, असा नियम होता. तो टॉलेमी या प्राचीन ग्रीक ज्योतिष्याच्या नावावर खपवलेल्या एका वचनसंग्रहातून मध्ययुगात सर्वत्र पसरला. हर्निया जांघेतला, म्हणून वृश्चिक, म्हणून गुरुवार नको. मेसेजने हे सगळं रंगीत तक्त्यासह दिलंय.

पहिली गोष्ट: तो नियम प्रामुख्याने रक्त काढण्यासाठी वापरला जाई. ताप असो, डोकेदुखी असो, शीर कापून रक्त काढायचं आणि जुलाब द्यायचे, हा तेव्हाचा उपचार. भूल नव्हती, हात धुवायची पद्धत नव्हती, जंतू कुणाला माहीत नव्हते. त्या उपचारातून रोगी बरा होण्याचा किंवा दगावण्याचा संबंध चंद्राशी कसा असेल? आणि 'तिथला वैद्य' म्हणजे सगळे नव्हेत. लंडनच्या फिजिशियनांच्या कॉलेजने सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषी वैद्याला १५९० च्या दशकात पुन्हा पुन्हा दंड केला, तुरुंगात टाकलं.

दुसरी गोष्ट अशी आहे की ती मी मामांना कागदावर काढून दाखवली, कारण त्यांना गणित पटतं. इंग्रजी जंत्रीतल्या राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या. आपल्या घरातल्या पंचांगातल्या राशी निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचा फरक आहे आणि रास असते ३० अंशांची. म्हणजे आपलं पंचांग ज्या काळात 'चंद्र वृश्चिकेत' म्हणतं, त्यातला पाचात चार भाग इंग्रजी जंत्रीच्या हिशेबाने चंद्र धनूत असतो. धनु म्हणजे मांडी. मेसेजने इंग्रजांचा नियम घेतला, आपल्या पंचांगातली रास घेतली आणि दोन्ही एकत्र कालवली. लिली स्वतः आला असता तरी त्याने आपल्या नियमाने मामांना त्या गुरुवारी जांघेसाठी बहुधा अडवलं नसतं. सायन-निरयन हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. पंचांग उघडणाऱ्या माणसाला हा फरक ठाऊक असायला हवा. मेसेज लिहिणाऱ्याला तो ठाऊक नाही, आणि तो लोकांना ऑपरेशनच्या तारखा सांगतोय.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मला त्या रात्री झोप लागली नाही. हर्निया दुखत नाही म्हणून तो थांबतो असं नाही. आतडं त्यात अडकलं आणि पीळ बसला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग ठरवलेलं ऑपरेशन राहत नाही, अपरात्री धावपळ होते. मामा अडुसष्ट वर्षांचे आहेत, गावापासून मोठा दवाखाना चाळीस किलोमीटर. सर्जननी विचार करून तारीख दिली होती. ती चारशे वर्षांपूर्वीच्या, धडपणे नक्कलही न केलेल्या चित्रावरून बदलली.

जंत्री घराघरात होती, हा दावा फुगवलेला असला तरी पोकळ नाही. बर्नार्ड कॅप या इतिहासकाराने हिशेब मांडलाय की १६६० च्या दशकात वर्षाला चारेक लाख प्रती खपत, म्हणजे साधारण तीन कुटुंबांत एक. साधी जंत्री दोन पेन्सला मिळे. पण लोक ती घेत त्याचं कारण बघा: भरती-ओहोटीच्या वेळा, जत्रांच्या तारखा, कोर्टाच्या सत्रांचे दिवस, रस्त्यांची अंतरं, कोणत्या रात्री चांदणं असेल ते. काही जंत्र्यांत कोरी पानं असत, त्यावर लोक हिशेब आणि रोजनिशी लिहीत. हे सगळं उपयोगाचं होतं आणि बरोबरही असे. भविष्याची पानं सोबत यायची. ती सगळेच खरी मानत असं मुळीच नाही: १६६७ च्या जूनमध्ये पीप्स आणि त्याचा सोबती लिलीची त्या महिन्याची भाकितं वाचून हसले, हीही नोंद आहे.

न्यूटनचं वाक्य ज्योतिषाबद्दल नाहीच. ते १८३१ च्या डेव्हिड ब्रूस्टरच्या न्यूटन-चरित्रात आहे आणि तिथे विषय धर्माचा आहे: हॅली धर्माबद्दल हलकं बोलला तेव्हा न्यूटनने त्याला तसं म्हटल्याची आठवण. ज्योतिष हा शब्द नंतर कुणीतरी चिकटवला.

आणि इंग्रजांनी विद्या लपवली? फ्रान्सिस मूरच्या नावाची भविष्याची जंत्री १८०३ मध्ये जवळजवळ चार लाख खपत होती, उघड्या बाजारात. लपवायची होती तर विकली कशाला?

रविवारी मामांना लिलीचं ते उत्तर मराठीत करून फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग त्यांनी विचारलं, "हे त्यानेच लिहिलंय? दुसऱ्या कुणी नाही?" मी म्हटलं, त्यानेच. सोमवारी सकाळी त्यांनी सर्जनना फोन लावला. पुढच्या बुधवारची तारीख मिळाली आहे आणि मी परत रजा टाकली आहे. ज्यांनी मूळ मेसेज ग्रुपमध्ये टाकला होता त्यांनी हेही त्याच ग्रुपमध्ये टाकावं. तिथे आणखी कुणीतरी आपली तारीख पुढे ढकलून बसलं असेल.